रात्याचा मुडा

आमच्या खारेपाटात शेताचे दोनच प्रकार. गावालगतचं ते गोडं, आणि धरमतरच्या खाडीला बांध घालून मिळवलेलं ते खारं. गोड्या शेतात काहीही लावा, येतं. खाऱ्यात मात्र जमिनीला विचारून पेरावं लागायचं आणि तिचं उत्तर आमच्या घरात फक्त आजीला कळायचं.

मृगाचा पाऊस झाला की बाबांना पेरायची घाई. आजी ओट्यावरनंच ओरडायची, "पयला पानी भाताला नाय, जमिनीला!" उन्हाळ्यात भेगाळलेल्या खाचरांवर पिठासारखं मीठ फुललेलं असे. पहिले दोन-तीन मोठे पाऊस शेतात साठवायचे, ओहोटी लागली की उघाडीतून ते पाणी खाडीत सोडायचं, परत साठवायचं. जमीन अशी धुऊन निघाली की चिखलात मोड आलेलं बी फेकायचं. त्याला रहू म्हणतात. बी रात्याचं. तांबडा जाड दाणा, उतारा बेताचाच.

बारावीनंतर मी शेतकी शिकायला गेलो आणि शहाणा झालो. गोड्या शेतात जया छान आली होती, मग खाऱ्यातही तीच लावू, म्हटलं. बाबा काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, "लाव. पन माझे मुड्याला हात लावू नको." पेंढ्यात बांधलेला रात्याचा तो मुडा घेऊन तिनं कोपऱ्यातलं एक खाचर स्वतःसाठी मागून घेतलं.

श्रावणात पाऊस उघडला, तो दोन आठवडे. शेतातलं पाणी आटलं की खालचं मीठ ओलीबरोबर वर येतं, वातीतून तेल चढावं तसं. जयाची पानं शेंड्याकडून पांढरी पडत गेली, गुंडाळली. आजीचा राताही पिवळा झाला होता. नारळी पुनवेनंतर पाऊस परतला तेव्हा तो हिरवा झाला. जया झाली नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा मिठागरावर मजुरीला गेले. संध्याकाळी पायाच्या भेगांना तेल लावत बसायचे. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कारण मला पुढे पुस्तकात सापडलं. खार सोसणारं भात बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. आत येतं ते जुन्या पानांत कोंडतं आणि कोवळं पान वाचवतं. दोन-तीन पानांचं रोप असताना आणि पुन्हा फुलोऱ्यात भात फार नाजूक, मधल्या काळात बरंच सोसतं. नांग्या भरताना आजी जुनं, थोराड रोप घ्यायची, तेही एका जागी पाच-सहा काड्या. मला तो आळस वाटायचा!

पुढच्या वर्षी तिच्या खाचरातलं बी दोन खाचरांना पुरलं. बाकीच्यासाठी बाबा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं 'पनवेल 1' घेऊन आले. खरं सांगायचं तर ते रात्यापेक्षा जास्त पिकलं आणि खारालाही टिकलं. आजीनं दाणा चावून पाहिला, म्हणाली, "बरा हाय. भाकरीला नाय."

पण बी कितीही गुणाचं असो, बांध फुटला की संपलं. पूर्वी जोळ होता. ज्याची शेती त्यानं बांधावर माती घालायची. पुढे माणसं कंपन्यांत गेली, मुंबईला गेली. एका उधाणात खांड पडली ती तीन वर्षं कुणी बुजवली नाही. भरतीचं पाणी थेट खाचरांत, आणि पाठोपाठ तिवरं. शेवटी सात घरांनी मिळून बांध घातला. तोवर आजी गेली होती. मुडा माळ्यावर होता, पण तीन वर्षांचं जुनं बी, रुजलं नाही. पलीकडच्या गावातल्या एका म्हातारीकडून चार पायली राता मागून आणला.

यंदाही पहिलं पाणी साठवून सोडलं. उघाडीपाशी उभा राहून थोडं जिभेवर घेतलं. खारटच आहे अजून. आणखी एक पाऊस थांबतो.