घड्याळ मागे गेलं होतं



आमच्या जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. धाकट्याने त्याचा घरचा सर्व्हर केलाय. घरातले फोटो, ह्यांच्या दुकानाचे हिशेब आणि सासूबाईंच्या आवाजातली स्तोत्रं, सगळं त्यात. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. ती स्तोत्रं दुसरीकडे कुठेच ठेवलेली नाहीत, हे लक्षात आलं ते सर्व्हर बंद पडल्यावर!

धाकटा बंगळूरला. फोनवर म्हणाला, "आई, सिस्टीमची छोटी डिस्क गेलीय. डेटाच्या डिस्क वेगळ्या आहेत. आधी त्यांच्या वायरी काढून ठेव, म्हणजे चुकूनही त्यांच्यावर काही लिहिलं जाणार नाही."

सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि मी बसले. भिंतीवरचं बटण बंद केलं, वायरी काढल्या, नवी डिस्क लावली. पेन ड्राइव्हवरून ओपनमीडियाव्हॉल्ट बसवलं. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं, तर काळा पडदा. बूट करायला डिस्क सापडत नाही म्हणे.

धाकट्याने विचारलं, "पेन ड्राइव्ह निवडताना कुठली ओळ घेतलीस?" त्या यादीत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा होतं. एकामागे यूईएफआय लिहिलेलं, दुसरं नुसतंच. मी यूईएफआयची घेतली होती. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या या दोन रीती, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. ज्या रीतीने सिस्टीम बसवली, त्याच रीतीने ती सुरू करावी लागते. बायोसमध्ये गेले तर तिथे लेगसी होतं. ते बदलून यूईएफआय केलं, नवी डिस्क पहिल्या नंबरावर आणली. सुरू झालं! मी देवाला दिवा लावून आले.

मग बंद करून, भिंतीवरचं बटण काढून, डेटाच्या डिस्क जोडल्या. सुरू केलं. परत काळा पडदा.

खरं सांगते, हातपाय गार पडले. डिस्क जोडल्या आणि बिघडलं, म्हणजे डिस्कच गेल्या, असंच वाटलं. सगळं पुन्हा बसवायला हात पुढे झालाच होता. पण बी.कॉम.ला आमचे सर सांगायचे, बेरीज जुळली नाही म्हणून वही फाडायची नाही. जिथपर्यंत बरोबर होतं तिथे परत जायचं, आणि तिथून एकेक नोंद तपासायची.

म्हणून काहीही न पुसता पुन्हा बायोस उघडलं. लेगसी! मी केलेला बदल पुसला गेला होता. आणि कोपऱ्यातलं घड्याळ कित्येक वर्षं मागे. धाकटा फोनवर हसायलाच लागला. "आई, आतला सेल संपलाय." मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग त्याच्यावर टिकतात. मी दरवेळी भिंतीवरचं बटण बंद करत होते, आणि दरवेळी कॉम्प्युटर सगळं विसरत होता.

सकाळी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला. वीज बंद ठेवून बदलला, सेटिंग केली, सुरू झालं.

आता शेवटची पायरी, आणि मैत्रिणींनो, हीच सगळ्यात जपून करायची. फाइल सिस्टीमच्या पानावर जुन्या डिस्कसाठी 'माउंट' निवडायचं, 'क्रिएट' नाही. माउंट म्हणजे आहे ते कपाट उघडणं. क्रिएट म्हणजे ते रिकामं करणं. दोनदा वाचून मी माउंट दाबलं.

फोल्डर दिसलं. पहिलं स्तोत्र लावलं. मधेच सासूबाई थांबून म्हणतात, "अगं, दूध उतू जाईल." ते ऐकून हे बाहेरच्या खोलीतून उठून आले.

त्याच दुपारी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, आणि ती नणंदेच्या घरी ठेवली. तुमच्या घरातल्या आवाजांची दुसरी प्रत कुठे आहे? आजच बघून घ्या.