म्हातारा कुत्रा रात्री का घाबरतो

आसिफाबादहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत तेलंगणातली वांकिडी आहे. पूर्वी ती आदिलाबाद जिल्ह्यात होती, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आली. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या इथल्या घरांत कुत्रा असतोच. त्याचं नाव मोत्या असो की राजा, आयुष्य साधारण सारखंच जातं. पिल्लू असताना कुणीतरी उचलून आणतं, दोन-तीन वर्षांत तो पराटीच्या वावरात रानडुकरांमागे धावायला लागतो, रात्री मालकासोबत जागलीला जातो, बैलगाडीखालून गावापर्यंत चालत येतो. मग दहा-अकरा वर्षांचा झाला की ओसरीवर पडून राहतो आणि घरातल्यांचं त्याच्याकडे लक्ष कमी होतं. नेमक्या याच काळात त्याला घबराट सुटते. दिवस मावळला की येरझारा सुरू होतात, उकाडा नसताना धाप लागते. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दार उघडायचं असेल तर उघडणाऱ्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला जाऊन थांबतो, आणि दार उघडलं तरी तिथेच कण्हत राहतो. मध्यरात्री गळा काढून रडतो. घरातले म्हणतात, म्हातारचळ लागला. शेजारचे म्हणतात, कुत्रं रडलं म्हणजे अपशकुन, हाकला त्याला. आणि काठी उगारली जाते.

माझं म्हणणं असं की म्हातारपणी नव्याने सुरू झालेली घबराट हे बहुतेक वेळा दुखण्याचं लक्षण असतं आणि तिच्याकडे दुखणं म्हणूनच पाहायला हवं. जन्मभर न भिणारा कुत्रा अकराव्या वर्षी ढगांच्या गडगडाटाला भिऊ लागतो, तेव्हा त्याचा स्वभाव अचानक पालटला असं मानण्यापेक्षा शरीरात काय बिघडलं ते शोधणं जास्त शहाणपणाचं. माणसांमध्ये स्मृतिभ्रंश होतो तसाच मेंदूचा ऱ्हास कुत्र्यांतही होतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के, तर १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांमध्ये अशा ऱ्हासाचं किमान एक लक्षण आढळलं: दिशा न कळणं, माणसं न ओळखणं, दिवसा झोपून रात्री जागणं, घरात घाण करणं. त्यात नजर मंदावते, कान जातात. ज्याने उभं आयुष्य वासावर आणि आवाजावर काढलं, त्याला पाठीमागून आलेलं माणूस जवळ येईपर्यंत कळतच नाही. तो दचकणार नाही तर काय होईल?

दुखऱ्या सांध्यांचा भाग तर आपल्याकडे कुणाच्या ध्यानातही येत नाही. २०१८ साली ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांतल्या निम्म्यांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं, आणि या दुखणाऱ्या कुत्र्यांत आवाजाची भीती इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ ४ वर्षं उशिरा सुरू झाली होती. दुखण्यावर उपचार झाल्यावर भीतीही कमी झाली. वीस कुत्रे म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, हे खरं. पण कारण समजण्यासारखं आहे: आवाज झाला की अंग आखडतं, आखडलं की सुजलेला सांधा ठणकतो, आणि कुत्र्याच्या लेखी तो आवाजच कळ आणतो. मृगाच्या पहिल्या गडगडाटात खाटेखाली शिरणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची मागची तंगडी कशी पडते, बसल्यावरून उठताना त्याला किती वेळ लागतो, हे आधी पाहावं.

पहिली शंका येते ती पिसाळण्याची, आणि ती रास्त आहे. कुत्र्याचं वागणं एकाएकी बदललं, लाळ गळू लागली, गिळता येईना, दिसेल त्याला चावू लागला, तर त्याच्यापासून दूर राहून ताबडतोब पशुवैद्याला कळवलंच पाहिजे. चावा झाला असेल तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, त्यात हयगय नको. मात्र रेबीजची लक्षणं दिसू लागलेला कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. महिनोन् महिने रोज रात्री येरझारा घालणारा आणि सकाळी नेहमीसारखी भाकरी खाणारा कुत्रा पिसाळलेला नसतो. दरवर्षी लस टोचलेली असेल तर ही धास्ती फारच कमी होते.

दुसरी शंका वांकिडीसारख्या गावातच येईल: त्याला वाघाचा वास आला असेल तर? ताडोबाकडून कागजनगरच्या जंगलात वाघ ये-जा करतात आणि २०२२ च्या नोव्हेंबरात वांकिडी मंडळातच एका शेतकऱ्याचा वाघाने जीव घेतला. तेव्हा कुत्र्याची भीती खोटी ठरवण्याची घाई कुणी करू नये. पण खऱ्या इशाऱ्याला दिशा असते. कुत्रा एका बाजूला तोंड करतो, मानेवरचे केस उभे राहतात, भुंकणं त्या दिशेला असतं. वाट हरवलेला म्हातारा कोपऱ्यात भिंतीकडे बघत रडतो, आणि रोज त्याच वेळी रडतो. दोन्ही प्रसंगांत उपाय एकच निघतो, त्याला घरात घ्या. बाहेर बिबट्याचाही धोका असतो: अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचाच निघाला. बहिरा, अधू कुत्रा अंगणात साखळीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला पळायचीही सोय न ठेवणं. शिवाय घाबरलेला कुत्रा साखळीला हिसके देऊन गळा कापून घेतो, दात मोडून घेतो.

जाणती माणसंही एक आक्षेप घेतात, की घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं. हे पटण्यासारखं वाटतं, पण चूक आहे. बक्षीस मिळालं म्हणून सवय वाढते, भीती ही सवय नव्हे. कळवळणाऱ्या जिवाला धीर दिल्याने कळ वाढत नाही. फटाक्यांच्या भीतीबद्दल कुत्र्यांच्या १,२२५ मालकांची पाहणी झाली. आवाज होताच लगेच आवडता खाऊ देणं किंवा खेळवणं उपयोगी पडल्याचं हा उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मालकांनी सांगितलं. दिवाळीत दंडारी नाचाचे ढोल आणि फटाके एकदमच सुरू होतात. त्या दिवसांत प्रत्येक धडाडधूमला उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढे करायला काहीच अडचण नाही. काठी मात्र नक्की नुकसान करते, कारण आता आवाजासोबत मालकाचीही भीती बसते.

राहिला पैशाचा प्रश्न. कापसाला भाव नसताना कुत्र्याच्या औषधाला कुठून आणायचे, हा प्रश्न खोटा नाही. पण निम्मं काम पैशाविना होतं. पाण्याचं भांडं, झोपायचं पोतं यांची जागा बदलू नये, कारण दिसत नसलं तरी पाठ झालेल्या वाटेने तो जातो. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावं, रात्री एक मिणमिणता दिवा ठेवावा. दिवसा थोडं चालवून आणावं, म्हणजे रात्री झोप लागते, आणि निजण्याआधी बाहेर नेऊन आणावं. त्याला हात लावण्यापूर्वी समोरून जावं, जमिनीवर पाय आपटावा, म्हणजे कंप त्याच्यापर्यंत पोचतो. उरलेल्या निम्म्यासाठी पशुवैद्य लागतो, आणि इथे हात आखडू नये. सांधेदुखीची, मेंदूच्या ऱ्हासावरची, तात्पुरत्या घबराटीवरची औषधं आज आहेत. पण घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशी माणसांची गोळी कधीही देऊ नका, तिने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या झोपेच्या गोळ्याही अंदाजाने देऊ नका. कुत्रा गुंगला म्हणजे त्याची भीती गेली असं नसतं, कित्येकदा तो हलू न शकता घाबरत राहतो.

गुरांच्या तपासणीला डॉक्टर गावात येतात, तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्यालाही समोर आणा आणि केव्हापासून, कुठल्या वेळी, कशाने घाबरतो ते नीट सांगा. मोबाइलवर त्या रात्रीचं चित्रीकरण असेल तर आणखी बरं. दिवाळीची वाट पाहू नका. औषध लागू पडतं की नाही हे कळायला वेळ लागतो, म्हणून दसऱ्याच्या आधीच त्याला दाखवून घ्या.