आभाळातलं भंगार

तारे पाहणाऱ्या मंडळींचा उपग्रहांवर दात असतो. तासभर खपून तेजोमेघाचा फोटो घ्यावा आणि त्यातून पांढरी रेघ आरपार जावी, म्हटल्यावर राग रास्तच आहे. मला मात्र त्या रेघांचाच नाद लागलाय. त्यातही निकामी झालेल्यांचा.

चालू उपग्रह बहुधा एकसारख्या उजेडात, मान खाली घालून निघून जातो. रॉकेटचा रिकामा टप्पा किंवा बंद पडलेलं यान गटांगळ्या खात जातं. चकचकीत बाजू आपल्याकडे वळली की लखकन उजळतं, फिरली की विझतं. दोन चमकांमधले सेकंद मोजले की त्याच्या गरगरण्याचा अंदाज येतो. याला मोठी दुर्बीण लागत नाही. उलट ती अडचणच. तिच्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो आणि सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर पळणारी वस्तू पापणी लवायच्या आत पार होते. त्यापेक्षा रुंद नजरेची छोटी दुर्बीण किंवा साधी द्विनेत्री तिच्या वाटेवर रोखावी आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं. वेळ दिवेलागणीनंतरची, नाहीतर पहाटेची. आपल्याकडे अंधार असतो, सातशे किलोमीटरवर अजून ऊन असतं. पुष्कळदा ती वस्तू भर आकाशात पृथ्वीच्या सावलीत शिरते आणि नाहीशी होते. नवखा माणूस हटकून भिंग पुसायला घेतो.

माझा लाडका एन्व्हिसॅट. युरोपचा हा आठ टनी उपग्रह २००२ मध्ये वर गेला. समुद्र, बर्फ, हवा यांची मापं घेत राहिला आणि ८ एप्रिल २०१२ला अचानक गप्प झाला. तो फिरतो त्या उंचीवर हवा जवळपास नाहीच, म्हणून तो आपसूक खाली यायला शंभराहून जास्त वर्षं लागतील. आपली नातवंडंही त्याला बघतील, म्हणायचं.

कधी कधी हे भंगार सोंगही घेतं. सप्टेंबर २००२मध्ये बिल युंग या हौशी निरीक्षकाला पृथ्वीभोवती फिरणारी एक वस्तू सापडली. आधी तो लघुग्रहच वाटला. मग त्याच्या प्रकाशाचं पृथक्करण केलं, तर निघाला पांढरा रंग, सॅटर्न रॉकेटांना देत तसला! बहुधा १९६९च्या अपोलो १२ या चांद्रमोहिमेच्या सॅटर्न रॉकेटचा तिसरा टप्पा सूर्याभोवती फिरून परत आला होता.

आपल्याकडे तर हे भंगार दारातच आलं. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत जवळजवळ तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचं असावं, असं जाणकारांनी सांगितलं. नशीब, कुणाच्या डोक्यात पडलं नाही. पण नशिबावर किती दिवस हवाला ठेवायचा? वर पाठवणाऱ्यानं खाली आणायचीही सोय करावी, एवढं तरी बंधन हवंच.

तोवर आपण वेध घेऊ या. थंडीतल्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी गच्चीवर जा. मोबाइलचं घड्याळ बिनचूक आहे ना, ते आधी बघा. चमक दिसली की जागा आणि वेळ टिपा, सेकंदासकट. ‘साधारण सव्वासातला’ असं लिहिलेली नोंद कुणाच्याच उपयोगाची नसते.