मार्च, मे आणि मधला म
पार्सर कॉम्बिनेटरचं सुख असं, की त्यासाठी वेगळी व्याकरण-फाइल लिहावी लागत नाही. अंक वाचणारं एक छोटं फंक्शन, आडवी रेघ वाचणारं दुसरं. दोन्ही एकापुढे एक जोडली की '2024-03-15' ही तारीख वाचणारं तिसरं तयार! ग्रॅहम हटन आणि एरिक मायर यांनी 1996 मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. पुढे हास्केल भाषेत 'पार्सेक' ही लायब्ररी आली.

पण खरी परीक्षा वेगाची, आणि ती सुरू होते पर्याय निवडताना.

समजा, महिन्याचं नाव वाचायचंय आणि पार्सेकला सांगितलं: आधी 'मार्च' बघ, नाहीतर 'मे'. समोर 'मे' आलं. 'म' जुळला, पुढे काना मिळाला नाही आणि पार्सर तिथेच थांबला. दुसरा पर्याय त्याने पाहिलाच नाही, कारण एक अक्षर खर्ची पडलं होतं. पार्सेकचं 'ट्राय' हे फंक्शन लावलं तर पार्सर मागे येऊन पुन्हा वाचतो. पण सगळीकडे 'ट्राय' पेरत गेलं की तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचला जातो आणि चूक सांगणारा संदेशही भलतीच जागा दाखवू शकतो. त्यापेक्षा सामाईक 'म' आधी वाचून मग वाट फोडणं केव्हाही चांगलं. थोडे कष्ट पडतात, पण डेटाची खरी ओळख तिथेच होते.

हास्केलमधलंच 'अॅटोपार्सेक' मात्र पर्याय फसला की नेहमीच मागे येतं. त्याचा भर वेगावर. चुकांचे संदेश त्यामानाने त्रोटक. रस्टमधलं 'नॉम' मूळ बाइट्सची नक्कल न करता त्यांचे तुकडेच हाती देऊ शकतं. मोठ्या लॉग फाइल वाचताना मेमरी वाचते ती इथे.