टापांचा माग

सात वर्षांच्या घोड्यावर भिस्त ठेवू नये. करड्या घोड्याकडे बघूच नये. अकरा स्टोनांहून, म्हणजे सुमारे सत्तर किलोंहून जास्त ओझं ज्याच्या पाठीवर आहे, त्याचं नाव खोडावं. फ्रान्समध्ये जन्मलेल्याला एन्ट्रीचं मैदान मानवत नाही. आणि मोठ्या अडथळ्यांची शर्यत ज्याने आजवर एकदाही जिंकलेली नाही, त्याला तर यादीतून सरळ वगळावं.

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीच्या मैदानावर एप्रिलमध्ये ग्रँड नॅशनल धावते. त्याआधीच्या दिवसांत इंग्लंडमधल्या क्रीडापानांवर ही असली सूत्रं वर्षानुवर्षं छापून येत राहिली. मागच्या दहा-वीस विजेत्यांची वयं, वजनं, आधीच्या शर्यतींतले क्रमांक एका तक्त्यात मांडायचे, आणि त्या साच्यात बसणारा घोडा यंदाच्या यादीत शोधायचा. मला ही सूत्रं सहदेव-भाडळीच्या पावसाच्या आडाख्यांसारखी वाटतात. भाडळीच्या काही आडाख्यांमागे वाऱ्याची दिशा असते, ढगांचा रंग असतो, मुंग्यांची लगबग असते. काहींमागे नुसतं यमक असतं. ऐकताना दोन्ही सारखीच खरी वाटतात.

पैसे लावण्यात मला गोडी नाही. गोडी आहे ती निवडीत. चौतीस नावांची यादी समोर घेऊन एकेक नाव का ठेवलं, का खोडलं, हे स्वतःला पटवत जाण्यात. त्या निमित्ताने कधीच न पाहिलेले, माझ्या जन्माआधी धावून गेलेले घोडे ओळखीचे होतात.

महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसला सरावलेल्या डोळ्यांना ही शर्यत वेगळ्याच जातीची वाटते. आपल्याकडे धाव सपाट. इंडियन डर्बी २,४०० मीटरची. अडीच मिनिटांत सगळा निकाल. एन्ट्रीला सुमारे सात किलोमीटर, दोन फेऱ्या, तीस उड्या आणि नऊ मिनिटांहून जास्त वेळ. लेक डिस्ट्रिक्टमधून आणलेल्या स्प्रूसच्या हिरव्या फांद्या अडथळ्यांवर दाट रचलेल्या असतात. ‘चेअर’ नावाचा सर्वांत उंच अडथळा १.५७ मीटरचा. ‘कॅनाल टर्न’वर उडी संपते न संपते तोच डावीकडे काटकोनात वळायचं. ‘बीचर्स ब्रुक’ला घोडा ज्या पातळीवरून उडतो तिच्याहून खाली उतरतो, म्हणजे हवेत असतानाच जमीन आणखी दूर गेलेली असते. १८३९ साली कॅप्टन बीचर तिथल्या ओढ्यात पडला आणि त्याचं नाव त्या जागेला कायमचं चिकटलं. शेवटचा अडथळा ओलांडल्यावरही साडेचारशे मीटर उरतात, आणि ती धाव सर्वांत क्रूर.

आता त्या सूत्रांचं काय झालं ते बघा. १९६१मध्ये निकोलस सिल्व्हर जिंकल्यावर पन्नासहून अधिक वर्षं एकही करडा घोडा जिंकला नाही. मग २०१२मध्ये नेपच्यून कलॉन्ज आला. करडा, अकरा वर्षांचा, पाठीवर अकरा स्टोन सहा पाउंड, आणि जन्म फ्रान्सचा. एकाच घोड्याने तीन सूत्रं मोडली, तीही नुसत्या नाकाच्या अंतराने. फ्रान्सच्या घोड्यांचा शाप त्याआधीच सुटला होता. १९०९च्या ल्युतर थर्डनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००९मध्ये, मोन मोम एकाला शंभरच्या भावाने जिंकला. २०१६च्या रूल द वर्ल्डने त्याआधी मोठ्या अडथळ्यांची एकही शर्यत जिंकलेली नव्हती; त्याने जिंकलेली तशी पहिली शर्यत हीच. आणि १९४०च्या बॉगस्कारनंतर ब्याऐंशी वर्षांनी, २०२२मध्ये, नोबल येट्स हा सात वर्षांचा घोडा जिंकला. त्याच्या पाठीवर सॅम वेली-कोहेन हा हौशी स्वार होता, आणि ती त्याची शेवटची शर्यत होती.

म्हणून सूत्रं टाकाऊ ठरत नाहीत. प्रत्येकाच्या मागे कारण आहे का, एवढंच विचारायचं. करड्याच्या सूत्रामागे काही नव्हतं. मुळात करडे घोडे धावतातच थोडे. थोडे धावणारे थोडेच जिंकणार. घोड्याच्या कातडीचा रंग त्याच्या फुफ्फुसांना ठाऊक नसतो. सात वर्षांच्या सूत्रामागे मात्र कारण होतं, आणि ते मोडण्यामागेही. जुने अडथळे आतून लाकडी खुंटांचे, कठीण होते. त्यांच्याशी सामना करायला पक्व शरीर लागे, दोन-चार वर्षांचं शहाणपण लागे. कोवळा घोडा तिथे बिचके. २०११मध्ये या शर्यतीत दोन घोडे मेले. २०१२मध्ये आणखी दोन, त्यांतला सिंक्रोनाइज्ड तर त्याच वर्षीचा चेल्टनहॅम गोल्ड कपचा विजेता. त्यानंतर २०१३पासून अडथळ्यांच्या पोटातलं लाकूड गेलं आणि वाकणारा प्लॅस्टिकचा बर्च आला. बीचर्सचा उतार आधीच कमी केला होता. २०२४पासून घोडे चाळीसवरून चौतीसवर आणले, पहिला अडथळा जवळ घेतला, तिथवर पोचेतो घोड्यांना फार वेग येऊ नये म्हणून.

या बदलांवर कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. शर्यतीतला पूर्वीचा दम गेला, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. खेळासाठी घोड्याने मरावं, इतका कुठलाच खेळ मोठा नाही, आणि दया उशिरा आली तरी ती आलीच पाहिजे होती. पण त्या दयेने जुने तक्तेही बदलून गेले. आता ताकदीपेक्षा वेगाला, अनुभवापेक्षा तारुण्याला जास्त जागा आहे. २०१५ ते २०२५ या काळात नऊ वर्षांहून मोठा एकही घोडा जिंकलेला नाही. २००४मध्ये बारा वर्षांचा अँबरली हाउस जिंकला होता, हे आता जुन्या राज्यातली गोष्ट वाटते. दहा वर्षांचा तक्ता करताना त्या दहा वर्षांत मैदान बदललं का, हे आधी बघावं लागतं. नाहीतर आपण एका शर्यतीचे नियम दुसऱ्याच शर्यतीला लावत बसतो.

वजनाच्या सूत्रामागचं कारण मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, जुन्या चित्रफितीत. १९७३ची शर्यत. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड, गडद रंगाचा घोडा. त्याच्या पाठीवर बारा स्टोन. रेड रम दहा स्टोन पाच पाउंड. दोघांत साडेदहा किलोंचा फरक. भाव दोघांचा सारखाच. ही शर्यत हँडिकॅपची असते, म्हणजे ज्याची आधीची कामगिरी मोठी त्याच्यावर ओझं मोठं. दुसऱ्या फेरीत क्रिस्प एवढा पुढे होता की पडद्यावर तो एकटाच दिसतो. तो अडथळे ओलांडत नव्हता, त्यांच्यावरून वाहत होता. शेवटच्या उडीनंतरही घोड्याच्या पंधरा लांबी पुढे. आणि मग त्या साडेचारशे मीटरमध्ये त्याचे पाय जमिनीला चिकटू लागले. मान खाली गेली, चाल डावीकडे भरकटली, टाप सरळ पडेना. मागून रेड रम एकाच लयीत येत होता. शेवटच्या काही पावलांत त्याने गाठलं. फरक पाऊण लांबीचा. वेळ नऊ मिनिटं १.९ सेकंद. जुना विक्रम सुमारे एकोणीस सेकंदांनी मोडला, आणि हरलेल्या क्रिस्पनेही तो मोडला होता. त्याच नोव्हेंबरात डॉनकॅस्टरला दोघं सारख्या वजनाने धावले. क्रिस्प आठ लांबींनी जिंकला.

साडेदहा किलो म्हणजे काय, ते कुठल्याही तक्त्यापेक्षा त्या चित्रफितीत कळतं. तरीही अकरा स्टोनांची रेघ मी आता ओढत नाही. पुढल्याच वर्षी रेड रम पूर्ण बारा स्टोन घेऊन पुन्हा जिंकला. अलीकडे मेनी क्लाउड्स अकरा स्टोन नऊ पाउंडांनी, २०२५चा निक रॉकेट अकरा स्टोन आठ पाउंडांनी जिंकला. ओझ्याच्या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. कुणाच्या पाठीवर, आणि शेजारच्यापेक्षा किती जास्त, हे विचारायचं.

रेड रमबद्दल आणखी थोडं सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचा वंश छोट्या पल्ल्याचा. त्याची पहिली शर्यत एन्ट्रीलाच झाली, १९६७मध्ये, अवघ्या एक किलोमीटरची, आणि तीत तो दुसऱ्या घोड्याच्या बरोबरीने पहिला आला. वंशावळीचा तक्ता म्हणाला असता, हा सात किलोमीटर पुरणार नाही. वर खुराच्या हाडाचा आजार. त्याचा ट्रेनर जिंजर मकेन साउथपोर्टला मोटारी विकायचा आणि दुकानामागेच तबेला ठेवायचा. घोड्याला पळवायला त्याच्याजवळ समुद्रकिनारा होता, दुसरं काही नव्हतं. ओहोटीच्या ओल्या वाळूवर आणि खाऱ्या पाण्यात ते खूर हळूहळू बरे झाले. तीनदा पहिला, मधल्या दोन वर्षी दुसरा, असा पराक्रम दुसऱ्या कुणाला साधलेला नाही. विजयरेषेपाशीच त्याला पुरलं आहे. किनाऱ्याच्या वाळूचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

देशाचाही एक रकाना असतो, आणि तो सर्वांत फसवा. १९७५मध्ये लेस्कार्गो जिंकला, आणि मग आयर्लंडमध्ये तयार झालेला एकही घोडा चोवीस वर्षं जिंकला नाही. १९९८मध्ये तक्ता मांडणाऱ्याने आयरिश नावं डोळे मिटून खोडली असती. पण घोडे आयर्लंडच्याच कुरणांत वाढत होते. चांगले निपजले की पैसा असलेल्या इंग्लंडला विकले जात होते. मग आयर्लंडमध्ये पैसा आला, घोडे घरी राहू लागले. १९९९मध्ये बॉबीजो जिंकला. त्याचा ट्रेनर टॉमी कार्बेरी म्हणजे १९७५मध्ये लेस्कार्गोवर बसलेला जॉकीच, आणि बॉबीजोवर त्याचा मुलगा पॉल. दुष्काळ एका घराने सुरू होताना पाहिला आणि त्याच घराने संपवला. २०१६ ते २०२५ या काळात नऊ शर्यती झाल्या, २०२०ची साथीमुळे रद्द झाली. नवांपैकी सात आयर्लंडने जिंकल्या, दोन स्कॉटलंडने, इंग्लंडने एकही नाही. हा रकाना मी आज ठेवतो, कारण आज त्याचं कारण सांगता येतं. उद्या पैशाने पुन्हा कूस बदलली तर तोही खोडायचा.

आणि काही गोष्टींना कुठलाच रकाना नसतो. १९६७. चव्वेचाळीस घोडे. पॉपम डाउन नावाचा, जॉकी गमावलेला घोडा मोकळाच पळत होता. दुसऱ्या फेरीतल्या तेविसाव्या अडथळ्यापाशी, जो मैदानावरच्या ठेंगण्या अडथळ्यांपैकी एक, तो आडवा वळला. पुढचे घोडे त्याच्यावर आदळले, मागचे त्यांच्यावर. उभे घोडे, पडलेले घोडे, लगाम धरून धावणारे जॉकी, तुटलेल्या फांद्या. फॉइनाव्हन फार मागे होता. मागे होता म्हणूनच त्याचा जॉकी जॉन बकिंगहॅम याला गर्दी दिसली, फट दिसली. तो तिच्यातून पार झाला आणि समोर मैदान रिकामं होतं. भाव एकाला शंभर. मालक आणि ट्रेनर दोघंही त्या दिवशी एन्ट्रीला आले नव्हते. संथपणा त्याला उपयोगी पडला, पण पुढच्या वर्षी कुणी संथ घोडा निवडावा असं यातून काढता येत नाही.

एवढं सगळं मनात ठेवून मी कार्ड वाचतो. घोड्याच्या नावाशेजारी त्याच्या आधीच्या शर्यतींची एक ओळ असते. डावीकडे जुनी, उजवीकडे ताजी, मोसम बदलला की आडवी रेघ. आकडा म्हणजे कितवा आला. ‘पी’ म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. ‘एफ’ म्हणजे पडला. ‘यू’ म्हणजे जॉकी खोगिरावरून गेला. ‘बी’ म्हणजे याची काही चूक नव्हती, दुसऱ्या पडलेल्या घोड्याने याला पाडलं. बहुतेक जण या ओळीत एक आणि दोन शोधतात. मी उजवीकडच्या तीन-चार खुणा बघतो, आणि कुठली खूण कुठल्या मैदानावर, किती ओझ्याखाली मिळाली ते शोधतो. हेवी गोइंगला, चिखलात मिळालेला ‘पी’ आणि कोरड्या मैदानावरचा ‘पी’ यांत फार अंतर असतं.

फेब्रुवारीत वजनांची यादी जाहीर होते, तेव्हापासून माझी खोडाखोड सुरू होते. दहा वर्षांहून मोठ्या घोड्यांची नावं पहिल्यांदा जातात. लांब पल्ला ज्याने कधीच पाहिला नाही तो जातो. नोबल येट्सची आठवण ठेवून सात वर्षांचा मात्र राहतो. आयर्लंडचे बरेचसे राहतात. तीन-चार नावं उरली की त्यांच्या जुन्या चित्रफिती काढतो, आणि घोडा उडी घेताना अडथळ्याकडे कान टवकारून जातो की मागे पाडून, ते बघतो. सगळ्या कसोट्यांत गळालेलं एक नाव मी तरीही ठेवतो: ज्याच्या ओळीत ‘बी’ आहे, जो आजवर स्वतःच्या चुकीने कधी पडला नाही. आपल्याकडे रात्री साडेआठला घोडे सुटतात, आणि पहिल्या अडथळ्यापासून माझे डोळे गर्दीत त्याचेच रंग शोधत राहतात.