गॅसची कॅप्सूल

अण्णांच्या हाताला कंप सुटला त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्यांचं पोट साफ होत नव्हतं. आम्ही पाथर्डीकडचे. रानात पाणी कमी पितात म्हणून होतं, असं सगळेच म्हणायचे. इसबगोल झालं, एरंडेल झालं. पार्किन्सन्समध्ये बद्धकोष्ठता कंपाच्या आधीही येऊ शकते, हे फार उशिरा कळलं.

त्यावरची लेव्होडोपाची गोळी सुरू झाल्यावर अण्णा परत डेअरीवर दूध घालायला चालत जाऊ लागले. मग दोन घासांतच पोट भरायचं, ढेकर, मळमळ. या आजारात जठरही मंदावतं. गावाजवळच्या डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला एक कॅप्सूल दिली. पोट खरंच हलकं झालं.

दीड महिन्यात अण्णा बसले ते उठेनात. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा थांबायचा. तोंडातून लाळ गळायची, रात्री कूस बदलायला आईला उठवावं लागायचं. आई भाकरी दुधात कुस्करून भरवायची. नातेवाईक भेटून जाऊ लागले, निरोप घ्यायला आल्यासारखे. आजार वाढला, असं आम्ही धरून चाललो. कोणीही, मीसुद्धा, नवीन काय सुरू झालं हे आठवून पाहिलं नाही.

नगरला मेंदूच्या डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. त्या कॅप्सूलची पट्टी उचलून म्हणाले, "ही कधीपासून?" आम्लपित्ताच्या औषधासोबत तिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. ते डोपामाइनचं काम अडवतं. म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीने डोपामाइन द्यायचं आणि या कॅप्सूलने ते लागूच द्यायचं नाही! उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. घरात पार्किन्सन्सचा माणूस असेल, तर पोटाचं साधं औषध घेतानाही आजाराचं नाव आधी सांगा. आणि लेव्होडोपा पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा तास तरी आधी द्या. आई ती दुधाबरोबर द्यायची, आणि दुधातली प्रथिनं तिला आतड्यात नीट शोषू देत नाहीत.

कॅप्सूल बंद केल्यावर अण्णा हळूहळू उठले. दोन महिने लागले, पण डेअरीपर्यंत गेले.

गावाजवळच्या त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आजीच्या वेळी ते मध्यरात्री घरी आले होते. तरी राग येतोच. अण्णांचा कंप त्यांना समोर दिसत होता, मग विचारलं का नाही? आणि मग आठवतं, त्यांनी पंधराच दिवसांची लिहून दिली होती. पुढच्या पट्ट्या मी मेडिकलमधून आणल्या, कुणालाही न विचारता.