दिवेलागणीचा बाजार

सकाळच्या ताज्या भाजीचा मोह आम्हीं कधींच सोडिला आहे. जालन्याच्या आठवडी बाजारांत आम्ही जातों तें दिवेलागणीस. परगांवच्या बायकांना शेवटच्या गाडीची घाई झालेली असते, उरल्या भाजीचे वाटे पडतात, आणि दुपारीं न झुकणारा भाव आपोआप खालीं बसतो. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हांस अभिमान आहे. पण मोठें फळ पाहुण्यांचें, बारीक आमचें. रसाला आकार कोठें असतो? ‘जालना, सोने का पालना’ म्हणणारास महिनाअखेर ठाऊक नसावी.

गेल्या खेपेस एका म्हातारीनें मेथीचा शेवटचा वाटा दहा रुपयांस सांगितला. आम्हीं पांच म्हटलें. ती निमूटपणें मेथी पिशवींत घालूं लागली. आम्ही मनांत खूष झालों, तोंच ती शेजारणीस म्हणाली, “भाड्याला पाच रुपये कमी पडायलेत गं, देतीस का?”

आम्हीं दहाची नोट पुढें केली. “असूं द्या” म्हटलें. “ठरलं ते ठरलं,” म्हणून तिनें पांचाचें नाणें परत केलें, आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली.

त्या कोथिंबिरीची घरीं फार वाखाणणी झाली. ती कशी मिळाली, हें आम्हीं अद्याप सांगितलेलें नाहीं.